गाळलेली पायरी

भोर गावात, नीरेपासून फार लांब नाही अशा एका गल्लीत, पत्र्याच्या छपराची एक अभ्यासिका आहे. आत फळ्यांचे आडोसे घालून छोटे छोटे कप्पे केले आहेत. प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची, एक दिवा आणि एक तरुण नाही तर तरुणी. कुणी हिर्डोशीच्या खोऱ्यातून आलेले, कुणी भुतोंड्याकडचे, कुणी वेल्ह्याहून नसरापूरमार्गे एसटीने येणारे. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, पण माझ्या पिढीच्या जिभेला वेल्हेच सवयीचे, तेव्हा वाचकांनी तेवढे चालवून घ्यावे.) सगळ्यांची साधना एकच, स्पर्धापरीक्षा. पावसाळ्यात पत्र्यावर सरी अशा वाजतात की शेजारचा मोठ्याने वाचत असला तरी ऐकू येत नाही. म्हणून आषाढ-श्रावणात अभ्यास चांगला होतो, असे ही मुले म्हणतात.

त्या 'म्हणून'पाशी मी थबकतो. हा माझा जुना रोग आहे. आयुष्यभर मी अकरावी-बारावीच्या वर्गांना तर्कशास्त्र शिकवले. ज्याला गणित नको असते आणि इतिहासाच्या सनावळ्या पाठ होत नाहीत त्याने घ्यायचा विषय, अशी आमच्या विषयाची ख्याती. निवृत्त झालो तेव्हा वाटले, आता आपल्या विद्येला गिऱ्हाईक उरले नाही. आणि एके दिवशी अभ्यासिकेतली दोन मुले दाराशी येऊन उभी राहिली. "सर, ते गृहीतकांचे प्रश्न चुकतात. समजावून सांगाल का?"

केंद्राच्या लोकसेवा आयोगाने २०११ साली पूर्वपरीक्षेत बुद्धीची आणि तर्काची एक वेगळी प्रश्नपत्रिका आणली. आपल्या राज्याच्या आयोगाने तिचे अनुकरण २०१३ पासून केले. राज्याच्या पत्रिकेत ऐंशी प्रश्न, दोनशे गुण आणि वेळ दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. पुढे केंद्राने २०१५ पासून आणि राज्याने २०२२ पासून ही पत्रिका केवळ पात्रतेपुरती ठेवली. शेकडा ३३ गुण मिळाले की झाले. पण त्या तेहतीसांच्या उंबरठ्यावर ठेच लागणारी मुलेही थोडी नाहीत. या पत्रिकेत आणि इतरही भरतीपरीक्षांत एक प्रश्न हमखास भेटतो. एक विधान दिलेले असते, खाली दोन-तीन गृहीतके. त्यांतले कोणते गृहीतक त्या विधानात अध्याहृत आहे ते ओळखायचे.

मी त्यांच्यासाठी घरचाच एक प्रश्न केला. विधान : 'या तालुक्यात पाऊस भरपूर पडतो, म्हणून येथे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची टंचाई असणार नाही.' गृहीतक पहिले : पडलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत तालुक्यात वापरायला उरते. गृहीतक दुसरे : येथील पाऊस शेजारच्या तालुक्यापेक्षा जास्त आहे.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाचा एक मुलगा होता. त्याने उत्तर दिले, "दोन्ही नाहीत." का, म्हणून विचारले तर म्हणाला, "सर, पहिलं तर साफ खोटं आहे. आमच्याकडं पाऊस कोसळतो आणि मे महिन्यात वस्तीवर टँकर येतो. पाणी उरतं कुठं? पानशेतचं पुण्याला जातं, भाटघरचं नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडं जातं. आम्ही वरनं बघतो."

त्याचे प्रत्येक वाक्य खरे होते आणि उत्तर चूक होते. गृहीतक खरे असलेच पाहिजे अशी अट कुठेच नाही. बोलणाऱ्याला ते खरे मानावे लागते, तेवढे मानले नाही तर त्याचे 'म्हणून' जागच्या जागी कोसळते, इतकाच त्याचा अर्थ. उलट जे गृहीतक खोटे आहे तेच शोधून काढण्यात मौज आहे. पण ज्याने टँकरमागे हंडा घेऊन धावण्यात बालपण घालवले त्याला 'हे क्षणभर खरे धर' असे म्हणणे म्हणजे त्याच्या तोंडावर पाणी नाकारणेच झाले.

त्याला युक्ती मात्र पटकन कळली, कारण तो गड चढणारा होता. तोरण्याची वाट चढताना एखादी पायरी ढासळलेली असते. चढताना ते लक्षातही येत नाही, पाय सवयीने उचलला जातो आणि वरच्या दगडावर पडतो. उतरताना मात्र तीच जागा अंगावर येते. तर विधान वाचताना आपण चढत असतो. ते तपासायचे तर निष्कर्षावर उभे राहून खाली उतरायचे. दिलेले गृहीतक उलटे करायचे आणि बघायचे की पाय अधांतरी पडतो का. 'पडलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत उरत नाही' असे म्हणताच वरचा निष्कर्ष गडगडतो. म्हणजे पायरी ती. 'येथील पाऊस शेजारच्यापेक्षा जास्त नाही' असे म्हटले तर निष्कर्षाला काही होत नाही; म्हणजे तो नुसता वाटेतला धोंडा.

एवढ्यावर संपत नाही. परीक्षक मोठे वस्ताद असतात. ते तिसरे गृहीतक देतात : 'पडलेला प्रत्येक थेंब तालुक्यातच राहतो.' हुशार मुले इथेच फसतात, कारण तसे असते तर निष्कर्ष हमखास खरा ठरला असता. पण निष्कर्षाला त्याची गरज नाही. निम्मे पाणी वाहून गेले आणि निम्मे उरले तरी त्याचे भागते. पुरेसे आणि आवश्यक यांतला हा भेद वर्गात शिकवायला मला दोन आठवडे लागत. या मुलांनी तो एका संध्याकाळी आत्मसात केला. गरज ही मोठी शिक्षिका आहे असे म्हणण्याचा मोह होतो. पण कदाचित मीच वर्षानुवर्षे वाईट शिकवीत असेन.

पायरी गाळणे हा काही गुन्हा नव्हे, हेही मुलांना सांगावे लागले. दोन-चार प्रश्न सोडवले की त्यांना जो तो लबाड दिसू लागतो. आपले घरगुती बोलणे तर सगळे गाळलेल्या पायऱ्यांचेच असते. माजघरातून आवाज येतो, 'पाऊस आला!' आणि मी उठून दोरीवरचे कपडे काढतो. कपडे बाहेर आहेत, ते भिजतील, भिजू नयेत, आणि मी रिकामा बसलो आहे, ही चार विधाने कुणीही उच्चारलेली नसतात. ती उच्चारावी लागली तर तो संसार कसला? अ‍ॅरिस्टॉटलने वक्तृत्वावरच्या आपल्या ग्रंथात हेच ओळखले होते. वक्त्याने सर्वांना ठाऊक असलेले विधान सांगण्याची गरज नसते, ऐकणारा ते आपणच घालतो. यातली गोम अशी की ऐकणाऱ्याने स्वतः घातलेली पायरी त्याला स्वतःचीच वाटते. आणि स्वतःच्या पायरीवर कोणी संशय घेत नाही.

आपल्याकडच्या मीमांसकांनी तर गाळलेली पायरी भरून काढण्याला एका स्वतंत्र प्रमाणाचा मान दिला. अर्थापत्ती ती हीच. त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे : देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरी धष्टपुष्ट आहे, तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. नैयायिकांनी हटकले की हे काही वेगळे प्रमाण नव्हे, अनुमानच आहे. त्यांचा वाद तूर्त बाजूला ठेवू. मला नेहमी वाटत आले आहे की देवदत्ताला कोणी नीट पाहिले होते का? तो धष्टपुष्ट होता की त्याच्या अंगाला सूज होती? एक पायरी भरताना मीमांसकाने दुसरी गाळली. नैयायिक या बाबतीत जास्त सावध. धूर दिसला म्हणजे अग्नी आहे हे ते मानतात. पण अग्नी आहे म्हणजे धूर असलाच पाहिजे हे मानत नाहीत, कारण त्याला सरपण ओले असावे लागते. मधल्या या ओल्या सरपणाला त्यांनी उपाधी असे नाव दिले. भोरकडच्या कोणत्याही बाईला, श्रावणात चूल पेटवताना, हा सिद्धांत डोळ्यांतून पाणी काढून शिकावा लागला आहे.

भोरहून मांढरदेवीच्या घाटाने पलीकडे उतरले की वाई. तिथल्या प्राज्ञपाठशाळेत हे सारे वाद पोथ्या पुढे ठेवून चालत. डोंगराच्या अलीकडे आमची मुले तेच वाद दीड मिनिटात आणि पर्याय क्रमांकात सोडवतात. याचे हसू यावे की अभिमान वाटावा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्या मुलाला मी शेवटी एक सल्ला दिला, आणि तो सल्ला हेच या लेखाचे कारण आहे. मी म्हटले, "बाळ, तुला जे ठाऊक आहे ते परीक्षेपुरते चपलांबरोबर दाराबाहेर ठेव. उताऱ्यात लिहिले आहे तेवढेच खरे." त्याने मान डोलावली. सवय केली. दुसऱ्या खेपेला तो पास झाला आणि आज पुणे जिल्ह्याबाहेर एका सरकारी कचेरीत आहे.

सल्ला बरोबर होता का? त्याची वकिली करायची तर करता येते. उताऱ्याबाहेरची माहिती वापरू नये हा नियम परीक्षेला न्याय्य ठेवतो. तो नसता तर ज्याला परीक्षकाइतकेच आणि परीक्षकासारखेच ठाऊक आहे तोच पुढे गेला असता. उतारा उद्या शेअर बाजारावर येईल, परवा विमानतळावर. ज्याने विमान फक्त डोंगरावरून जाताना पाहिले आहे त्या पोराला या नियमाचेच संरक्षण आहे : तुला विमानतळ ठाऊक नसला तरी बिघडत नाही, इथे लिहिले आहे त्यावरून बोल. गरिबाचा तोटा होणार नाही असा हा नियम आहे, आणि मी तो आजही मुलांना शिकवतो.

पण एका पावसाळी सकाळी त्या मुलाचा फोन आला. कामाचे बरे चालले होते. बोलता बोलता म्हणाला, "सर, गंमत म्हणजे इथंही तसंच आहे. फाइल येते, ती उताऱ्यासारखीच असते. खालून टिपणी आलेली असते. तिच्यातले आकडे खरे धरायचे आणि आपला अभिप्राय लिहायचा. एकदा मी म्हटलं, मी त्या गावाला गेलोय, तिथं असं नाही. तर साहेब म्हणाले, ते फाइलीत आहे का?" तो हसत होता. मला हसू आले नाही. चपलांजवळ ठेवायला सांगितलेली वस्तू तो अजून आत घेऊन गेलेला नव्हता. किंवा घेऊन गेला होता आणि तिला ठेवायला आत जागा नव्हती.

त्या दिवशी माझ्या मनात पानशेत आले. धरण वेल्हे तालुक्यातले, आंबी नदीवरचे. १९६१ च्या पावसाळ्यात त्याचे काम पुरे झालेले नव्हते, तरी पाणी अडले होते. १२ जुलैच्या सकाळी ते फुटले. खालचे खडकवासल्याचे जुने धरणही त्या लोंढ्यापुढे टिकले नाही, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. मी तेव्हा लहान होतो. आठवते ते एवढेच की घरातली मोठी माणसे कुजबुजत होती आणि पुण्याच्या आत्याचे पत्र येईपर्यंत आजीने गोड खाल्ले नाही. चौकशीला न्यायमूर्ती बावडेकरांचा आयोग नेमला गेला. ते काम अर्धे असतानाच त्यांचा अंत झाला आणि न्यायमूर्ती नाईकांनी ते पुढे नेले. एवढे मोठे दोन न्यायाधीश, एवढे साक्षीदार, एवढे कागद, हे सगळे कशासाठी, तर काम अपुरे असताना पाणी साठले तरी निभावेल, या एका समजुतीखाली कोणकोणत्या पायऱ्या गाळलेल्या होत्या त्या मोजण्यासाठी. आषाढात त्या खोऱ्यात पाऊस कसा येतो हे तिथल्या गुराख्यालाही ठाऊक असते. अभियंत्यांना ते ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. ठाऊक असलेच पाहिजे. पण ठाऊक असणे आणि ते हिशेबात धरणे या दोहोंत जे अंतर आहे त्याला परीक्षेत गुण नाहीत.

आता माझ्या स्वतःच्या फजितीकडे येतो. इतका वेळ दुसऱ्यांच्या पायऱ्या मोजल्या.

२०२३ च्या सप्टेंबरात शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा शाळा चौदा हजारांवर होत्या. पुढे नमुना म्हणून दोन ठिकाणांची नावे होती : नंदुरबारचे तोरणमाळ आणि आमच्या वेल्ह्यातले पानशेत. साहजिकच डोंगरातल्या वाड्यावाड्यांत चर्चा सुरू झाली. एका वाडीतून माझा एक जुना विद्यार्थी आला. त्यांच्या शाळेचा पट नऊ. "सर, आमची शाळा जाणार म्हणतात. एक अर्ज लिहून द्या."

दुसऱ्या दिवशी तो प्रस्ताव मी अभ्यासिकेच्या फळ्यावर प्रश्नासारखा लिहिला. 'या शाळेत विद्यार्थी फार थोडे आहेत. थोड्या विद्यार्थ्यांच्या शाळेत मुलांना बरोबरीची सोबत, खेळ आणि पुरेसे शिक्षक मिळत नाहीत. मोठ्या शाळेत हे सारे मिळेल आणि जाण्यायेण्याला वाहन दिले जाईल. म्हणून ही शाळा मोठ्या शाळेत सामील करावी.' अध्याहृत गृहीतके सांगा.

मुले तुटून पडली. जुलैत दरड आली तरी वाहन येते. वाहन बिघडले तर दुसरे येते. सहा वर्षांच्या पोराला घाटात उलटी होत नाही. पोर दिवसभर लांब असताना आजारी पडले तर आईला कळते आणि तिला तिथवर पोचता येते. मुलींना बाहेर पाठवायला घरचे तयार आहेत. शाळा फक्त मुलांसाठी असते, वाडीला तिचा दुसरा उपयोग नसतो. शेवटचे एका मुलीने सांगितले, आणि मला ते सगळ्यांत आवडले. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा आणि पहिली ते पाचवीच्या मुलाला एका किलोमीटरच्या आत शाळा असावी हा राज्याचा नियमही कुणी तरी काढला. एकेक गृहीतक उलटे करून पाहिले. निष्कर्ष दर वेळी डळमळत होता. मला फार समाधान वाटले. अर्ज दीड पानांचा झाला, आणि खरे सांगतो, चांगला झाला. सुरुवात होती : 'आम्ही सर्व ग्रामस्थ विनंती करतो की...'

सह्यांसाठी मी स्वतः वाडीवर गेलो. जुना विद्यार्थी बरोबर होता. शाळेच्या ओट्यावर माणसे जमली. अर्ज वाचून दाखवला. पुरुषांनी माना डोलावल्या, तीन-चार सह्या झाल्या. मग एक बाई पुढे आली. तिची मुलगी तिसरीत. तिने कागद हातात घेतला आणि सावकाश वाचला. मला वाटले, सही कुठे करायची ते शोधते आहे.

"मास्तर, हितं 'आम्ही सर्व' असं लिवलंय."

"हो."

"मी कुटं म्हन्ले? माज्या पोरीच्या वर्गात ती येकलीच हाय. तिसरीत येक पोर. भांडायलाबी कोन न्हाय तिला. घरी येऊन भितीशी बोलती. मला तर वाटतंय, जाऊ दे तिला मोठ्या साळंत."

ओट्याच्या कडेला बसलेली एक म्हातारी यावर उसळली. "आन् साळा गेली म्हंजी? गुर्जी रोज येत्यात म्हून वाडीत चार मान्सं बोलत्यात. कागुद वाचाया कोन हाय दुसरं? औशिदाच्या बाटलीवर काय लिवलंय ते कुनाला इच्यारू? तुजी पोर जाईल बसनं, मी कुटं जाऊ?"

"तुमच्या बाटलीपायी माजी पोर येकली बसवू व्हय, आत्याबाई?"

दोघींचे पाच-सात मिनिटे चालले. मी मध्ये उभा होतो, हातात माझा दीड पानांचा अर्ज. फळ्यावर इतकी गृहीतके सापडली होती. माझ्या पहिल्या दोन शब्दांतले मात्र अभ्यासिकेतल्या बारा डोक्यांना दिसले नाही, आणि तेरावे डोके तर ज्याने ते घातले त्याचेच. वाडी म्हणजे एक मत, असे मी धरून चाललो होतो. का धरले? कारण मला शाळा राहायला हवी होती. माझे स्वतःचे शिक्षण अशाच एका ओट्यावर झाले. तिथल्या गुरुजींचे ऋण मला फेडायचे होते आणि ते मी त्या तिसरीतल्या पोरीच्या हिशेबातून फेडायला निघालो होतो.

उलटे करून पाहण्याची युक्ती इथे उपयोगाची नव्हती असे नाही. 'आम्ही सर्व ग्रामस्थ सहमत आहोत' हे उलटे केले असते तर अर्ज तिथेच पडला असता. पण उलटे करायला आधी ते विधान म्हणून दिसावे लागते, आणि 'आम्ही' हा शब्द विधानासारखा दिसत नाही. तो नुसता कर्ता वाटतो. तसाच 'भरपूर' हा शब्द आणि 'पुरेसे' हा शब्द. सरकारी कागदात 'सार्वजनिक हित' हे दोन शब्द असेच निमूट बसलेले असतात. पाण्याखाली गेलेल्या गावांच्या लोकांना ते उशिरा दिसले असतील, आणि कालव्याखालच्या लोकांना आजवर दिसण्याचे कारण पडलेले नाही. दुसऱ्याच्या बोलण्यातली गाळलेली पायरी आपल्याला दिसते, कारण आपल्याला तिथून चढायचे नसते. स्वतःच्या गडावर आपला पाय सवयीने पडतो.

मी ओट्यावर बसलो आणि अर्ज पुन्हा लिहिला. 'सर्व' खोडले. मग 'आम्ही'वर बराच वेळ अडलो. शेवटी दोन परिच्छेद केले : वाडीतील काही पालकांची अशी इच्छा आहे, काहींची अशी. शाळा येथेच राहावी आणि तिला दुसरा शिक्षक मिळावा. किंवा मुलांना मोठ्या शाळेत न्यायचे ठरल्यास पावसाळ्यासह बारा महिने वाहन मिळावे, आणि शाळेची इमारत वाडीच्या उपयोगासाठी, आठवड्यातून निदान दोन दिवस शिकलेले माणूस बसेल अशी, उघडी राहावी. म्हातारीचा मुद्दा मी असा बसवला. तिला तो फारसा पटला नाही. तिला गुरुजी हवे होते, शिकलेले माणूस नको होते.

ती तिसरीवाली आई पुन्हा वाचत होती. "गाडीत बाई आसंल का, ते लिवलंय?"

नव्हते लिहिले. कोणत्याही पर्यायात ते आले नव्हते. अभ्यासिकेतल्या मुलींनाही सुचले नव्हते. मी समासात लिहिले : वाहनात मुलींच्या सोबतीला महिला कर्मचारी असावी. तिने सही केली. म्हातारीने अंगठा दिला, पण वरच्या परिच्छेदापुढे, खाली सगळ्यांबरोबर नाही. आणि तो तिथेच पाहिजे म्हणून हटून बसली.

अर्ज घेऊन तालुक्याच्या गावी गेलो. कचेरीतला कारकून तरुण होता, अदबीने बोलणारा. बहुधा तोही कुठल्या तरी अभ्यासिकेतूनच आलेला. त्याने अर्ज दोनदा वाचला, समासातला मजकूर वाचला, अंगठा कुठे आहे ते पाहिले.

"सर, नेमकी मागणी कुठली? शाळा ठेवा, की गाडी द्या?"

"दोन्ही आहेत. लोक दोन प्रकारचे आहेत."

"ते कळलं. पण नोंदवहीत विषयाचा रकाना एकच आहे."

मी गप्प राहिलो. त्याने पेनाचे टोक ओठांना लावून जरा विचार केला, आणि रकान्यात लिहिले : 'इतर'.